इलेक्ट्रिक गाडी दारात येण्याआधी : कॅनडाच्या हिवाळ्यातील रेंजचा हिशेब आणि तयारी

डिसेंबर संपत आला तरी आमची गाडी आलेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये बुकिंग केले तेव्हा टोरांटोजवळच्या मिसिसागात पानगळ चालू होती आणि कागदावर छापलेली ४०० किलोमीटरची रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जवर धावण्याचे अंतर, भरपूर वाटली होती. पुढे पारा उणे बारापर्यंत उतरला, शेजाऱ्यांच्या काचेवरचा बर्फ खरवडण्याचा आवाज रोज सकाळी कानावर येऊ लागला, आणि घरात एकच प्रश्न फिरू लागला, की या थंडीत ही गाडी खरोखर किती धावेल, आणि नेमकी संक्रांतीच्या सुमाराला ओटावाला जाताना ती आपल्याला रस्त्यात तर सोडणार नाही ना.

या प्रश्नाचे उत्तर गाडी हातात येण्यापूर्वीच बऱ्यापैकी अचूक काढता येते, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी सरासरी दिवसाचा विचार बाजूला ठेवून वर्षातल्या सर्वात वाईट दिवसाचा हिशेब मांडावा लागतो, आणि वाट पाहण्याचे आठवडे त्या हिशेबाला व त्यातून निघणाऱ्या कामांना द्यावे लागतात. हे कसे करायचे ते ऑन्टारिओतील परिस्थिती धरून पुढे क्रमाने लिहिले आहे. एडमंटन किंवा विनिपेगसारख्या शहरांत राहणाऱ्यांनी पद्धत हीच ठेवून आकडे अधिक कडक धरावेत.

लेबलवरचा आकडा आधी समजून घ्यावा

कॅनडात रेंजचा अधिकृत आकडा नॅचरल रिसोर्सेस कॅनडा हे खाते प्रसिद्ध करते आणि त्यामागची चाचणी अमेरिकेतील पद्धतीशी मिळतीजुळती असते. प्रयोगशाळेत रोलरवर, साधारण खोलीच्या तापमानात गाडी चालवून आलेल्या निकालाला प्रत्यक्ष रस्त्याचा विचार करून कात्री लावली जाते. युरोपातील डब्ल्यूएलटीपी चाचणीचा आकडा त्याच गाडीसाठी बहुधा जास्त येतो, आणि भारतातील एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) चाचणीचा त्याहूनही उदार असतो. पुण्यातल्या कुणी केलेला व्हिडिओ पाहून आपल्या गाडीबद्दल मत बनवण्यापूर्वी त्यातला आकडा कोणत्या चाचणीचा आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

किलोमीटरपेक्षा उपयोगी पडतात ते दुसरे दोन आकडे. पहिला म्हणजे बॅटरीची वापरता येणारी क्षमता, आणि दुसरा म्हणजे १०० किलोमीटरला लागणारी वीज. क्षमता किलोवॅट-तासांत दिलेली असते. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्याकडच्या वीजबिलावरचे एक युनिट, आणि या लेखात मी तोच शब्द वापरणार आहे, कारण त्याने हिशेब डोक्यात चटकन बसतो. उदाहरणासाठी ६४ युनिटांची बॅटरी आणि ४०० किलोमीटरची रेंज धरू. म्हणजे १०० किलोमीटरला १६ युनिट. हिवाळ्यात बॅटरीतली युनिटे फारशी कमी होत नाहीत. दर १०० किलोमीटरला लागणारी युनिटे वाढतात. हे एकदा नीट लक्षात आले की पुढचा सगळा विषय सोपा होतो.

वीज नेमकी जाते कुठे

पेट्रोल गाडीचे इंजिन इंधनातल्या बहुतांश ऊर्जेची उष्णता करून वाया घालवते, आणि हिवाळ्यात आपण त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच ऊब घेत असतो. ही ऊब फुकट आहे असे वाटत असले तरी तिची किंमत आपण बाराही महिने मोजत असतो. इलेक्ट्रिक मोटर उष्णता फारशी वाया घालवत नाही, त्यामुळे आतली हवा गरम करण्यासाठी बॅटरीतूनच वीज काढावी लागते. अमेरिकेतील ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये पाच गाड्यांवर केलेल्या चाचणीत हे स्पष्ट दिसले. उणे ६.७ अंशांवर हीटर बंद ठेवून रेंज सरासरी १२ टक्के घटली, आणि हीटर चालू केल्यावर ४१ टक्के. त्या वेळच्या गाड्यांपेक्षा आजच्या गाड्या सुधारल्या आहेत, पण घट मुख्यतः कशामुळे होते हे त्या दोन आकड्यांत आजही वाचता येते.

आता हाच खर्च अंतराशी जोडून पाहू. उणे १५ मध्ये रात्रभर उभी असलेली गाडी घेऊन तुम्ही मुलाला ६ किलोमीटरवरच्या शाळेत सोडायला निघालात. गाडी ढकलायला साधारण सव्वा युनिट लागेल. पण त्या पंधरा मिनिटांत हीटर पूर्ण जोराने, म्हणजे ५ किलोवॅटच्या आसपास चालेल आणि आणखी सव्वा युनिट घेईल. खर्च दुप्पट झाला. याउलट महामार्गावर दोन तास चाललेल्या गाडीत आतली हवा एकदा गरम झाली की ती तशी राखायला दीड-दोन किलोवॅट पुरतात, आणि ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला लागणाऱ्या २० युनिटांच्या तुलनेत हा खर्च दहा टक्क्यांच्या आतबाहेर राहतो. टक्केवारीतली सर्वात भयंकर घट अशी छोट्या फेऱ्यांवर दिसते, जिथे रेंजची खरी गरजच नसते. पडद्यावर १०० किलोमीटरला ४० युनिट हा आकडा पहिल्यांदा दिसला की पोटात गोळा येतो, पण सहा किलोमीटरच्या फेरीत त्याचा अर्थ अडीच युनिट एवढाच असतो.

बाकीची कारणे महामार्गावर जाणवतात. थंड हवा जड असते. उणे १० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के घन असते आणि तेवढाच तिचा अडथळा वाढतो. रस्त्यावरचा चिखलासारखा ओला बर्फ, हिवाळी टायरांचे मऊ रबर आणि समोरचा वारा यांची त्यात भर पडते. बॅटरीच्या आतला द्रव थंडीत घट्ट होतो, आतला विरोध वाढतो, आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीज थंड बॅटरी स्वीकारू शकत नाही. गोठणबिंदूखाली जोराने चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात साचून बॅटरीचे कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगवर मर्यादा घालते. तो बिघाड समजू नये.

वाईट दिवसाचा हिशेब कागदावर मांडावा

दोन आठवडे सध्याच्या गाडीचे रोजचे किलोमीटर एका वहीत लिहून काढावेत. आम्ही ते केले तेव्हा ६० किलोमीटरच्या वरचे दिवस चौदांपैकी दोनच निघाले, आणि मनातली अर्धी चिंता तिथेच मिटली. त्याखाली वर्षातून तीन-चार वेळा होणारे लांबचे प्रवास वेगळे लिहावेत, कारण कसोटी त्यांचीच आहे.

घट किती धरायची? कॅनडातील सीएए या वाहनचालकांच्या संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ओटावा ते माँ-त्राँब्लाँ या मार्गावर, उणे ७ ते उणे १५ अंशांत, बाजारातल्या अनेक इलेक्ट्रिक गाड्या प्रत्यक्ष चालवून पाहिल्या. अधिकृत रेंजच्या तुलनेत घट १४ टक्क्यांपासून ३९ टक्क्यांपर्यंत आली. नॉर्वेतील एनएएफ या तशाच संस्थेच्या २०२० च्या हिवाळी चाचणीत ती सरासरी १८.५ टक्के होती. गाडीगाडीत इतका फरक असल्यामुळे तुमचे मॉडेल अशा चाचणीत असल्यास त्याचाच आकडा घ्यावा. नसल्यास ऑन्टारिओच्या दक्षिण भागासाठी ३५ टक्के धरावेत, असे माझे मत आहे. उणे ३० चे दिवस जिथे नेमाने येतात तिथे निम्मी रेंज धरून चालावे. हिशेब चुकायचाच असेल तर तो आपल्या बाजूने चुकलेला बरा.

आमच्या उदाहरणात ४०० चे झाले २६०. घरून १०० टक्के भरून निघालो आणि १५ टक्के हातचे राखले, तर पहिला टप्पा सुमारे २२० किलोमीटरचा. त्यानंतर जलद चार्जरवर साधारण ८० टक्क्यांपर्यंतच भरायचे असते, कारण त्यापुढे चार्जिंगचा वेग बराच मंदावतो. म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा १७० किलोमीटरच्या आसपास येतो.

हे आता नकाशावर ठेवू. मिसिसागा ते ओटावा हे अंतर ४०१ आणि ४१६ या महामार्गांनी साधारण ४८० किलोमीटर आहे. उन्हाळ्यात वाटेत एकदाच चार्ज करून सहज होणारा हा प्रवास हिवाळ्यात दोन थांबे मागतो. पहिला थांबा सुमारे १९५ किलोमीटरवर ट्रेंटनला घेतल्यास बॅटरीत २५ टक्के उरलेले असतात. तिथे ८५ टक्क्यांपर्यंत भरून पुढे १७५ किलोमीटरवरच्या ब्रॉकव्हिलला पोचेपर्यंत १८ टक्क्यांच्या आसपास राहतात, आणि तिथून ओटावासाठी ६५ टक्के पुरे होतात. किंगस्टनलाच थांबू असे मनात असेल तर २२० ची मर्यादा आणि त्याच्याही पुढे असलेले किंगस्टन हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ४०१ वरच्या बहुतेक ऑनरूट विश्रांतिस्थळांवर जलद चार्जर आहेत, पण प्रत्येक थांब्यासाठी जवळचा एक पर्यायी चार्जर लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. गोठलेला पडदा किंवा रांग असे दोन्ही प्रकार जानेवारीत होतात.

घरच्या चार्जिंगचे काम आजच सुरू करावे

गाडी दारात उभी राहिल्यावर इलेक्ट्रिशियन शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. वाट पाहण्याच्या काळातले सर्वात वेळखाऊ काम हेच आहे, म्हणून ते पहिल्या आठवड्यात हाती घ्यावे.

साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर गाडीला साधारण १.४ किलोवॅट मिळतात, म्हणजे दहा तासांत १४ युनिट. उन्हाळ्यात एवढ्यावर ८० किलोमीटरची सोय होते. हिवाळ्यात यातला मोठा हिस्सा बॅटरी उबदार ठेवण्यातच खर्च होऊ शकतो, आणि कडाक्याच्या रात्री सकाळी उठून पाहावे तर टक्केवारी जेमतेम हललेली असते. जे कुटुंब हिवाळ्यात रोज ६० किलोमीटर चालवते त्याने या सॉकेटच्या भरवशावर राहू नये. २४० व्होल्टचा, ४० अँपिअरच्या ब्रेकरवर बसवलेला चार्जर सलग ३२ अँपिअर, म्हणजे साडेसात किलोवॅटहून थोडे जास्त देतो, आणि रात्रभरात जवळजवळ पूर्ण बॅटरी भरतो. याहून मोठ्या चार्जरची बहुतेक घरांना गरज पडत नाही.

ऑन्टारिओत हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याने इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे कामाची नोंद केली आहे याची खात्री करून घ्यावी. तिचे प्रमाणपत्र पुढे विम्याच्या वेळी आणि घर विकताना विचारले जाऊ शकते. जुन्या घरात विजेचे मुख्य पॅनेल १०० अँपिअरचे असेल तर आधी घराच्या एकूण भाराची गणना करायला सांगावी. विजेचा स्टोव्ह, ड्रायर आणि चार्जर एकाच वेळी चालल्यास भार ओलांडत असेल, तर पॅनेल बदलण्याऐवजी भार सांभाळून चार्जिंग कमीजास्त करणारे साधन बसवता येते, आणि त्याचा खर्च बहुधा बराच कमी येतो. काँडोत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या इमारतीत, राहणाऱ्यांनी तिच्या मंडळाकडे लेखी अर्ज बुकिंगच्या दिवशीच द्यावा, कारण तिथे काम अडते ते तारांपेक्षा बैठकांमध्ये.

चार्जर कुठे बसवायचा याचाही विचार थंडी डोळ्यांसमोर ठेवून करावा. उणे १५ मध्ये चार्जरची केबल वाळलेल्या उसाइतकी ताठ होते; ती जमिनीवर पडून राहिली तर बर्फात रुतते आणि बर्फ उपसणाऱ्याच्या फावड्याखाली येते. गॅरेज असेल तर चार्जर आतच घ्यावा. नसेल तर भिंतीवर कमरेच्या उंचीला मोठा आकडा ठोकावा आणि प्लगचे तोंड खाली राहील असे पाहावे, म्हणजे त्यात पाणी साचून गोठत नाही.

विजेचा दर निवडण्याचे कामही याच काळात उरकते. ऑन्टारिओत मे २०२३ पासून रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत अतिशय स्वस्त वीज देणारी योजना आहे. मात्र तिच्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ९ या वेळेतला दर चढा असतो. संध्याकाळी विजेवर घर गरम करणाऱ्यांनी आणि स्वयंपाक करणाऱ्यांनी आधीची बिले पुढ्यात घेऊनच निर्णय घ्यावा.

डीलरला विचारायचे प्रश्न

गाडी कारखान्यातून निघण्यापूर्वी विचारलेला प्रश्न कधीकधी बुकिंग बदलण्याची संधी देतो. सर्वात महत्त्वाचा प्रश्न हीट पंपाचा आहे. साधा हीटर एका युनिटाची एका युनिटाएवढीच उष्णता करतो, तर हीट पंप बाहेरच्या हवेतून आणि मोटरमधून उष्णता ओढून आणत असल्यामुळे शून्य अंशांच्या आसपास एका युनिटात दोन-अडीच युनिटांची ऊब देऊ शकतो. उणे २० च्या खाली हा फायदा बराच ओसरतो. टोरांटो परिसरात जिथे हिवाळ्याचे बहुतेक दिवस शून्य ते उणे दहाच्या दरम्यान जातात, तिथे हीट पंपासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला पटते. एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत तो नसतो आणि महागात असतो, असेही घडते, म्हणून 'या मॉडेलला हीट पंप आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. तुमच्या बुकिंगच्या आवृत्तीबद्दल लेखी उत्तर मागावे.

दुसरा प्रश्न बॅटरीच्या प्रकाराचा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी टिकाऊ असते, पण थंडीत ती चार्ज व्हायला अधिक कुरकुरते आणि तिच्या शिल्लक टक्केवारीचा अंदाज लावणे गाडीला अवघड जाते. म्हणून काही कंपन्या ती ठरावीक काळाने १०० टक्के भरायला सांगतात. निकेल असलेल्या बॅटरीला रोजच्या वापरात साधारण ८० टक्क्यांची मर्यादा ठेवतात. तिसरा प्रश्न असा, की जलद चार्जरवर पोचण्यापूर्वी बॅटरी गरम करण्याची सोय आहे का, ती नकाशात चार्जर निवडल्यावर आपोआप सुरू होते की हाताने सुरू करता येते. आणि चौथा, आसने व स्टिअरिंग गरम करण्याची सोय आहे का. गरम आसनाला शंभर वॅटच्या आत वीज लागते, म्हणजे हीटरच्या तुलनेत नगण्य, आणि अंगाला ऊब लगेच मिळते.

टायर

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. इलेक्ट्रिक गाडी जड असते, म्हणून मापाबरोबर टायरची भारक्षमताही जुळली पाहिजे. पर्वताच्या आकृतीत हिमकण असलेले चिन्ह पाहून घ्यावे. हिवाळी टायरांनी रेंज थोडी कमी होते आणि ती होऊ द्यावी. बर्फावर वेळेत थांबणारी गाडी दहा किलोमीटर कमी धावली तरी चालेल.

हवेचा दाब दर ५ ते ६ अंशांच्या घसरणीला सुमारे एक पीएसआय उतरतो. ऑक्टोबरच्या १५ अंशांत भरलेले टायर जानेवारीच्या उणे १५ मध्ये पाच-सहा पीएसआय कमी भरतात, आणि उबदार गॅरेजमध्ये तपासले तर ही घट लपून राहते. दाब बाहेर, गाडी थंड असताना पाहावा.

गाडी आल्यावर पहिला आठवडा

डिलिव्हरीच्या दिवशी गाडी ८० टक्क्यांहून अधिक भरलेली हवी, असे आधीच कळवावे. ॲप जोडून, घरच्या वाय-फायवर गाडीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून, पहिल्याच संध्याकाळी निघण्याची वेळ ठरवून देण्याची सोय शोधून काढावी. हिवाळ्यात या एका सोयीइतके उपयोगी दुसरे काहीही नाही. सकाळी ७:४० ला निघायचे असे सांगून ठेवले आणि गाडी प्लगला लावलेली असली, की ती चार्जिंग त्या वेळेच्या हिशेबाने संपवते आणि निघण्यापूर्वी आतली हवा, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीही, भिंतीतल्या विजेवर गरम करते. ही दोन-अडीच युनिटे घराच्या बिलात जातात. बॅटरीतली वीज रस्त्यासाठी शिल्लक राहते.

लहान मुले असलेल्या घरात याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो मला रेंजपेक्षाही मोठा वाटतो. फुगीर स्नोसूट घातलेल्या मुलाला कारसीटचे पट्टे घट्ट बसत नाहीत आणि अपघातात ते धोक्याचे ठरते. म्हणून जाड कोट काढून मुलाला बसवायचे असते. थंडगार पेट्रोल गाडीत हे रोज सकाळी रडारडीचे काम असे. आधीच गरम झालेल्या गाडीत आमची मुलगी कोट स्वतःहून काढून देते.

पहिल्या सकाळी उणे १७ होते. त्या दिवशी निघण्याची वेळ लावायची राहून गेली होती, त्यामुळे गाडी सुरू करताच टक्केवारीच्या शेजारी बॅटरी थंड असल्याची खूण म्हणून निळा हिमकण उमटला, आणि पाय उचलल्यावर परत येणाऱ्या विजेची हिरवी पट्टी जवळजवळ पूर्ण करडी झालेली दिसली. शाळेपाशी पोचलो तेव्हा सरासरी १०० किलोमीटरला ४१ युनिट होती. कचेरीपर्यंतच्या ३८ किलोमीटरमध्ये ती उतरत उतरत २६ वर आली, हिमकण नाहीसा झाला आणि हिरवी पट्टी हळूहळू भरली. हे एकदा नीट पाहून घ्यावे, कारण गाडीचा स्वभाव त्या अर्ध्या तासात समजतो. हिमकण दिसत असेपर्यंत ब्रेक नेहमीपेक्षा लवकर लावावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पहिला महिनाभर रोजचे तापमान, अंतर आणि युनिटे वहीत लिहावीत. पडद्यावरचा किलोमीटरचा अंदाज आधीच्या काही फेऱ्यांवर बांधलेला असतो आणि शाळेच्या फेऱ्यांनंतर तो विनाकारण निराश करतो. चार आठवड्यांनी तुमच्याजवळ स्वतःचे आकडे असतात, आणि ३५ टक्क्यांच्या माझ्या गृहीतकाऐवजी तेच वापरावेत.

लांबच्या प्रवासात

वेगाचा परिणाम हिवाळ्यात अधिक जाणवतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ११० वरून १०० वर आल्यास तो सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो. समोरचा वारा जोराचा असेल तर पहिला थांबा ठरलेल्या जागेच्या आधीच घ्यावा.

चार्जरवर पोचण्यापूर्वी अर्धा तास तरी नकाशात तो चार्जर गंतव्य म्हणून द्यावा, म्हणजे बॅटरी गरम होऊ लागते. थंड बॅटरी घेऊन १५० किलोवॅटच्या चार्जरवर उभे राहिलात तरी तीस-चाळीस किलोवॅटच मिळू शकतात, आणि वीस मिनिटांचा थांबा तासावर जातो. याच कारणाने, मुक्कामी पोचल्यावर उद्या पाहू असे म्हणून गाडी रिकामी उभी करू नये. रात्री बॅटरी गरम असतानाच चार्ज करून घ्यावे, कारण सकाळी तीच बॅटरी हट्टाला पेटलेली असते. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना ड्राइव्हवेजवळ बाहेरचे सॉकेट आहे का, ते संकोच न करता विचारावे. साध्या सॉकेटवरही बारा तासांत काही युनिटे मिळतात आणि बॅटरी अगदी गारठत नाही.

बर्फाच्या वादळात रस्ता बंद पडला तर काय, ही भीती जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियातील आय-९५ महामार्गावर गाड्या चोवीस तासांहून अधिक अडकल्या तेव्हापासून पुष्कळांच्या मनात आहे. उभ्या गाडीत आतली ऊब राखायला साधारण दोन किलोवॅट लागतात. ६४ युनिटांची बॅटरी निम्मी असली तरी सोळा तास निघतात, आणि हीटर कमी करून गरम आसनांवर भागवले तर त्याहून जास्त. धुराडे नसल्यामुळे ते बर्फाने बुजून आत विषारी वायू शिरण्याचा धोकाही नाही. तरी वादळाचा इशारा असताना ३० टक्क्यांच्या खाली गाडी घेऊन महामार्गावर जाऊ नये, आणि डिकीत घोंगडी, फावडे व सुकामेव्याचा डबा ठेवावा.

डिसेंबरात भारतात जाताना

आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत नव्या गाडीची पहिली दीर्घ परीक्षा रस्त्यावर होत नाही. ती होते आपण पुण्या-नागपूरला तीन-चार आठवडे असताना, बर्फात उभ्या राहिलेल्या गाडीची. घरी ठेवणार असाल तर प्लग लावून, चार्जिंगची मर्यादा ५० ते ६० टक्क्यांवर आणून ठेवावी. गाडी लागेल तेवढी वीज स्वतः घेते. निघण्याची रोजची वेळ आणि कॅमेऱ्यांचा पहारा हे दोन्ही बंद करावेत. काही गाड्यांत हा पहारा दिवसाला पाच-सहा युनिटे खातो. विमानतळावर प्लगविना ठेवायची असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास ठेवून जावे आणि तिथून ॲप उघडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण दर वेळी ॲप उघडले की गाडी झोपेतून जागी होते आणि थोडी वीज खर्च करते.

परतल्यावर टक्केवारी अपेक्षेपेक्षा कमी दिसेल. त्यातला काही भाग थंडीने तात्पुरता अडवून धरलेला असतो आणि बॅटरी गरम झाल्यावर परत दिसू लागतो. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहिल्यावर ॲपवरून हीटर सुरू करावा. पार्किंगपर्यंत पोचायला अर्धा तास तरी लागतोच; तेवढ्यात काचांवरचा बर्फ सुटलेला असतो, आणि छतावरचा व पुढच्या कॅमेऱ्यावरचा तेवढा ब्रशने झाडून घेतला की निघता येते.